लायब्ररी इन्स्टॉल केली, तरी कॉम्प्युटर म्हणतो ‘सापडत नाही’. असं का होतं?

नवा गेम डाउनलोड केला, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि गेमऐवजी एक छोटी विंडो उघडली. ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ ही फाइल सापडली नाही, त्यामुळे प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, असं त्यात लिहिलेलं. विंडोज वापरणाऱ्या अनेकांनी हा किंवा असाच मेसेज कधी ना कधी पाहिलेला असतो.

लिनक्सवर प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना हाच अनुभव वेगळ्या रूपात येतो. एखादी लायब्ररी इन्स्टॉल केलेली असते, कोडही बरोबर असतो. पण कंपाइल करायला गेलं की उत्तर मिळतं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. मग लायब्ररी काढून पुन्हा टाकली जाते, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, इंटरनेटवरून मिळेल ती कमांड चिकटवून पाहिली जाते. तासभर जातो आणि एरर जागच्या जागी राहतो.

दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच आहे. फाइल कॉम्प्युटरवर असणं वेगळं आणि ती योग्य वेळी, योग्य प्रोग्रामला सापडणं वेगळं. हा शोध नेमका कोण घेतं, कुठे घेतं आणि कोणत्या क्रमाने घेतं हे कळलं, तर यातले बहुतेक एरर काही मिनिटांत सुटतात. शिवाय याच शोधाच्या पद्धतीचा फायदा घेऊन हॅकर्स काय करू शकतात, हेही लक्षात येतं.

लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअरमधली लायब्ररी म्हणजे आधीच कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड. फोटो उघडणं, पासवर्ड सुरक्षित ठेवणं, फाइल दाबून लहान करणं ही कामं हजारो प्रोग्राम्सना लागतात. प्रत्येकाने ती नव्याने लिहिण्यापेक्षा एकाने लिहायची आणि बाकीच्यांनी वापरायची, ही साधी कल्पना आहे.

ही कल्पना कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला. तिथे वारंवार लागणाऱ्या गणितांचे छोटे प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर तयार करून कपाटात ठेवले जायचे. ज्याला गरज असेल त्याने कपाटातून हवी ती पट्टी काढायची, तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या पट्टीत उतरवायची आणि मूळ पट्टी परत जागेवर ठेवायची. म्हणजे ही खरोखरच लायब्ररी होती. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तकही लिहिलं.

आज कपाटाची जागा फोल्डरने घेतली आहे. पण पट्टी नेमकी कोणत्या कपाटात आहे, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

रोजच्या वापरातलं एक उदाहरण

हार्फबझ नावाची एक मोफत, ओपन सोर्स लायब्ररी आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांमध्ये ती वापरली जाते. तिचं नाव फार कमी जणांनी ऐकलेलं असतं, पण अँड्रॉइड फोनवर मराठी वाचणारा प्रत्येक जण ती रोज वापरतो.

‘महाराष्ट्र’ हा शब्द कॉम्प्युटरमध्ये १० सुट्या चिन्हांची रांग म्हणून साठवलेला असतो. त्यातले ‘ष’, ‘ट’ आणि ‘र’ एकत्र येऊन जोडाक्षर तयार झालं पाहिजे, काना योग्य जागी बसला पाहिजे, ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसली पाहिजे. फॉन्टमधल्या कोणत्या आकृत्या घ्यायच्या आणि त्या कुठे ठेवायच्या, हे हार्फबझ ठरवते. हे काम नीट झालं नाही, तर पाय मोडलेली अक्षरं आणि भलतीकडे गेलेल्या वेलांट्या दिसतात.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला मराठी शब्दांतली अक्षरं कशी जुळतात हे दाखवणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहायचा आहे. त्यासाठी तो उबुंटू लिनक्सवर हार्फबझ वापरणार आहे. आता त्याच्या वाटेत काय काय येतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

एक लायब्ररी, दोन पॅकेजेस

पहिला गोंधळ इथेच होतो. लायब्ररीचे दोन भाग असतात.

पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी, मशीनच्या भाषेतली फाइल. लिनक्सवर या फाइलच्या नावात ‘.एसओ’ असतं, विंडोजवर ‘.डीएलएल’ आणि मॅकवर ‘.डायलिब’. तयार प्रोग्राम चालवायला एवढी फाइल पुरते.

दुसरा भाग म्हणजे हेडर फाइल. लायब्ररीत कोणती फंक्शन्स आहेत, त्यांना कोणती माहिती द्यायची आणि ती काय परत देतात, याची यादी हेडरमध्ये असते. हॉटेलचं मेन्यूकार्ड आणि हॉटेलचं किचन यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मेन्यूकार्डही लागतं.

उबुंटू आणि डेबियनमध्ये हे दोन भाग वेगवेगळ्या पॅकेजेसमध्ये मिळतात. ‘लिबहार्फबझ०बी’ या पॅकेजमध्ये चालणारी फाइल असते, तर हेडरसाठी ‘लिबहार्फबझ-डेव्ह’ हे वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. फेडोरामध्ये अशा पॅकेजच्या नावाला शेवटी ‘डेव्हल’ जोडलेलं असतं. बहुतेक लोक फक्त प्रोग्राम वापरतात, त्यांना हेडरची गरज नसते, म्हणून ही विभागणी केलेली आहे.

त्यामुळे ‘लायब्ररी तर आहे!’ असं म्हणणारा विद्यार्थीही बरोबर असतो आणि ‘सापडत नाही’ म्हणणारा कंपायलरही. एकाकडे किचन आहे, दुसरा मेन्यूकार्ड मागतो आहे.

शोध एकदा होत नाही, तीनदा होतो

कोड लिहिण्यापासून प्रोग्राम चालू होईपर्यंत लायब्ररीचा शोध तीन वेळा घेतला जातो. तिन्ही वेळा शोधणारा वेगळा असतो, त्याची फोल्डर्सची यादी वेगळी असते आणि न सापडल्यावर येणारा मेसेजही वेगळा असतो. म्हणून मेसेज नीट वाचणं हे अर्धं काम आहे.

पहिला शोध: कंपायलर हेडर शोधतो

लिनक्सवर सर्वाधिक वापरला जाणारा कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. कोडच्या सुरुवातीला ‘इन्क्लूड’ असं लिहून हेडरचं नाव दिलेलं असतं. ते नाव अँगल ब्रॅकेटमध्ये असेल, तर जीसीसी ठरलेल्या फोल्डर्समध्येच पाहतो. ते अवतरण चिन्हांत असेल, तर आधी कोडच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतो आणि मग बाकी ठिकाणी जातो.

ठरलेली मुख्य ठिकाणं म्हणजे ‘/यूएसआर/लोकल/इन्क्लूड’ आणि ‘/यूएसआर/इन्क्लूड’. हार्फबझच्या मुख्य हेडरचं नाव ‘एचबी.एच’ आहे. पण ते थेट ‘इन्क्लूड’ फोल्डरमध्ये नसतं, त्याच्या आतल्या ‘हार्फबझ’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं. कंपायलर आपणहून आतल्या फोल्डर्समध्ये डोकावत नाही. त्यामुळे डेव्हलपमेंट पॅकेज व्यवस्थित इन्स्टॉल करूनही ‘एचबी.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा एरर येऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे त्याला जादा पत्ता देणं. कमांडमध्ये मायनस, त्याला जोडून कॅपिटल आय आणि पुढे फोल्डरचा पत्ता लिहिला, की जीसीसी आधी त्या ठिकाणी पाहतो. जीसीसीला तपशीलवार माहिती देणारा ‘मायनस व्ही’ हा पर्याय दिला, तर तो कुठे कुठे शोधतो आहे याची क्रमवार यादीच छापतो. अंदाज बांधण्यापेक्षा ही यादी वाचणं केव्हाही चांगलं.

दुसरा शोध: लिंकर जोडणीसाठी फाइल शोधतो

हेडर मिळालं, कोड कंपाइल झाला. आता लिखित प्रोग्राम आणि लायब्ररीतला प्रत्यक्ष कोड यांची जोडणी करायची असते. हे काम लिंकर करतो.

लिंकरला ‘मायनस एल हार्फबझ’ असं सांगितलं जातं. यातला एल स्मॉल असतो. लिंकर या नावाच्या आधी ‘लिब’ आणि शेवटी ‘.एसओ’ लावून फाइल शोधतो. ती नसेल, तर त्याच फोल्डरमध्ये ‘.ए’ने संपणारी फाइल पाहतो. ‘.ए’ ही स्टॅटिक लायब्ररी असते. तिच्यातला लागणारा कोड प्रोग्रामच्या आतच कायमचा कॉपी होतो, केंब्रिजच्या कागदी पट्टीसारखा. ‘.एसओ’ ही शेअर्ड लायब्ररी असते. ती बाहेरच राहते आणि प्रोग्राम सुरू होताना जोडली जाते.

इथे दोन वेगवेगळे एरर येतात आणि त्यांची गल्लत होते. ‘कॅनॉट फाइंड’ आला, तर लायब्ररीची फाइलच सापडलेली नाही. तेव्हा मायनस आणि कॅपिटल एल वापरून फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला, तर अर्थ वेगळा असतो. फंक्शनचं नाव ओळखीचं आहे, पण त्याचा कोड दिलेल्या कोणत्याच लायब्ररीत मिळाला नाही. बहुतेक वेळा लायब्ररीचं नाव कमांडमध्ये लिहायचंच राहिलेलं असतं. वर्गमुळासाठीचं ‘स्क्वेअर रूट’ फंक्शन वापरून ‘मायनस एल एम’ विसरणं, ही लिनक्सवर सी शिकणाऱ्यांची नेहमीची अडचण आहे.

कधीकधी नाव असतं, पण चुकीच्या जागी असतं. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी आधी आणि ती वापरणारा कोड नंतर लिहिला, तर लायब्ररी पाहताना लिंकरला तिची गरजच दिसत नाही आणि तो पुढे निघून जातो. म्हणून लायब्ररीची नावं कमांडच्या शेवटी लिहायची पद्धत आहे.

तिसरा शोध: प्रोग्राम चालू होताना लोडर शोधतो

सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारा शोध हाच आहे. कंपाइल झालं, लिंक झालं, एकही एरर आला नाही. पण प्रोग्राम चालवला की ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’.

कारण असं, की लिंकरला दिलेला पत्ता सहसा प्रोग्राममध्ये लिहिला जात नाही. लिहिलं जातं ते फक्त लायब्ररीचं नाव, उदाहरणार्थ ‘लिबहार्फबझ.एसओ.०’. प्रोग्राम सुरू करताना डायनॅमिक लोडर नावाचा वेगळाच घटक ते नाव घेऊन नव्याने शोधाला निघतो. लिंकरला काय सांगितलं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

त्याचा क्रम साधारण असा असतो. आधी ‘एलडी लायब्ररी पाथ’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये दिलेली फोल्डर्स. मग प्रोग्रामच्या आत ‘रनपाथ’ म्हणून पत्ता नोंदवला असेल तर तो. त्यानंतर ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही तयार सूची. आणि शेवटी ‘/लिब’ व ‘/यूएसआर/लिब’ ही नेहमीची ठिकाणं.

यातली सूची महत्त्वाची आहे. लोडर दर वेळी सगळे फोल्डर चाळत बसत नाही, आधी बनवलेली सूची पाहतो. ही सूची ‘एलडीकॉन्फिग’ ही कमांड तयार करते. पॅकेज मॅनेजरमधून काही इन्स्टॉल केलं, तर सूची आपोआप नवी होते. पण सोर्स कोड आणून स्वतः ‘मेक इन्स्टॉल’ केलं, तर फाइल ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये जाऊन बसते आणि सूचीला त्याचा पत्ताच नसतो. उबुंटूवर अशा वेळी ‘एलडीकॉन्फिग’ एकदा चालवली की काम होतं. फेडोरावर ‘/यूएसआर/लोकल/लिब’ हे ठिकाण मुळात यादीतच नसतं, ते आधी जोडावं लागतं.

नावापुढचा आकडाही बिनकामाचा नाही. लायब्ररीत जुन्या प्रोग्राम्सना न चालणारे बदल झाले, की हा आकडा बदलतो. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीची तिसरी आवृत्ती होती आणि १.१ काढून टाकलेली होती. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर बनवलेले अनेक प्रोग्राम ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ सापडत नाही म्हणून बंद पडले. ओपनएसएसएल कॉम्प्युटरवर होतं, पण मागितलेल्या आकड्याचं नव्हतं.

फाइल्स इतक्या ठिकाणी विखुरलेल्या का असतात?

याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होते. ‘यूएसआर’ हा फोल्डर तेव्हा युजर्सच्या स्वतःच्या फाइल्ससाठी होता आणि तो दुसऱ्या डिस्कवर होता. पहिल्या डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा सिस्टिमचे प्रोग्राम आणि लायब्ररीही दुसऱ्या डिस्कवर सरकल्या. पुढे युजर्सच्या फाइल्स तिथून हलल्या, लायब्ररी मात्र तिथेच राहिल्या. ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ अशा दोन जागा त्यातून आल्या.

लिनक्सचे वेगवेगळे प्रकार निघू लागले, तेव्हा कुठे काय ठेवायचं याचे नियम लागले. त्यांचा पहिला मसुदा १९९४ साली आला आणि पुढे तो ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१५ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. सिस्टिमने दिलेलं ‘/यूएसआर’मध्ये, स्वतः बनवून टाकलेलं ‘/यूएसआर/लोकल’मध्ये आणि स्वतंत्र मोठी सॉफ्टवेअर्स ‘/ऑप्ट’मध्ये, हा त्याचा ढोबळ अर्थ.

तरीही फरक राहिलेच. ३२ बिट आणि ६४ बिट लायब्ररी शेजारी शेजारी ठेवायच्या, तर फेडोराने ६४ बिटसाठी ‘लिब६४’ हा फोल्डर वापरला. डेबियन आणि उबुंटूने प्रोसेसरच्या नावाचा फोल्डर आत केला. म्हणून उबुंटूवर हार्फबझ ‘/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ अशा लांबलचक पत्त्यावर सापडते.

मॅकवरही पत्ता बदलला आहे. तिथे अनेक डेव्हलपर लायब्ररी इन्स्टॉल करायला होमब्रू वापरतात. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर होमब्रूचं घर ‘/यूएसआर/लोकल’ होतं. अॅपलच्या स्वतःच्या, म्हणजे २०२०मध्ये आलेल्या एम१ आणि त्यापुढच्या चिप्सवर ते ‘/ऑप्ट/होमब्रू’ झालं. जुन्या लेखातली कमांड नव्या मॅकबुकवर चालत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

मग बरोबर पत्ता सांगणार कोण?

प्रत्येक कॉम्प्युटरवर पत्ता वेगळा असेल, तर तो कोडमध्ये हाताने लिहून ठेवणं धोक्याचं. म्हणून ‘पीकेजी-कॉन्फिग’ हे छोटं टूल वापरलं जातं. लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज इन्स्टॉल होताना ‘.पीसी’ने संपणारी एक छोटी टेक्स्ट फाइल येते. हेडर कुठे आहेत, लिंकरला काय सांगायचं आणि आवृत्ती कोणती, हे त्यात लिहिलेलं असतं.

‘पीकेजी-कॉन्फिग’ला हार्फबझचं नाव देऊन विचारलं, की ते कंपायलर आणि लिंकरला लागणारे सगळे पर्याय तयार करून देतं. तीच कमांड उबुंटूवर एक पत्ता देते, फेडोरावर दुसरा, मॅकवर तिसरा. लायब्ररी वेगळ्या ठिकाणी टाकली असेल, तर ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ या व्हेरिएबलमध्ये त्या ‘.पीसी’ फाइलचा फोल्डर सांगावा लागतो. मोठ्या प्रोजेक्ट्समध्ये सीमेक किंवा मेसन ही टूल्स असतात. तीही आतून असाच शोध घेतात.

फाइल हातानेच शोधायची असेल, तर उबुंटूवर तीन प्रश्नांची तीन उत्तरं आहेत:

- या पॅकेजने कोणत्या फाइल्स कुठे टाकल्या? ‘डीपीकेजी’ला मायनस कॅपिटल एल हा पर्याय द्या.
- ही फाइल कोणत्या पॅकेजमधून आली? ‘डीपीकेजी’ला मायनस कॅपिटल एस हा पर्याय द्या.
- जी फाइल कॉम्प्युटरवर नाहीच, ती कोणत्या पॅकेजमध्ये मिळेल? ‘एपीटी-फाइल’ हे टूल सांगतं.

तयार प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात आणि त्या कुठे सापडल्या, हे ‘एलडीडी’ ही कमांड दाखवते. न सापडलेल्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ असं येतं. मात्र अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या प्रोग्रामवर ती वापरू नका, कारण काही परिस्थितीत तो प्रोग्राम चालू होऊ शकतो. तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच हा इशारा दिलेला आहे.

विंडोजवर काय होतं?

विंडोजमध्येही लोडर ठरलेल्या क्रमाने जातो. साधारणपणे आधी प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर, मग सिस्टिमचे फोल्डर, मग प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तो आणि शेवटी ‘पाथ’ या व्हेरिएबलमधली ठिकाणं. एक गंमत म्हणजे ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिट फाइल्स असतात आणि ३२ बिट फाइल्स ‘सिसवाऊ६४’मध्ये. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं गेलं.

सुरुवातीच्या मेसेजमधली ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या पॅकेजचा भाग आहे. हे पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवर मोफत मिळतं. ते इन्स्टॉल केलं की मेसेज सहसा थांबतो.

पण बरेच जण फाइलचं नाव सर्च करतात, सुट्या डीएलएल देणाऱ्या कुठल्यातरी साइटवरून ती उतरवतात आणि गेमच्या फोल्डरमध्ये टाकतात. खरा धोका इथे आहे.

‘आधी सापडेल ती घ्या’ हा नियम धोक्याचा का?

वरच्या सगळ्या शोधांमध्ये एक गोष्ट समान आहे. मागितलेल्या नावाची, चालण्याजोगी फाइल मिळाली की शोध तिथेच थांबतो. ती खरी आहे का, कुणी बनवली, आत काय आहे, याची चौकशी लोडर सहसा करत नाही. आणि लायब्ररीतला कोड प्रोग्रामच्या सगळ्या अधिकारांसह चालतो. म्हणजे प्रोग्राम जे वाचू शकतो, ते लायब्ररीही वाचू शकते.

म्हणून यादीतल्या वरच्या ठिकाणी त्याच नावाची खोटी फाइल ठेवली, तर प्रोग्राम तीच उचलतो. याला ‘डीएलएल हायजॅकिंग’ म्हणतात. २०१० साली या प्रकाराची इतकी चर्चा झाली, की मायक्रोसॉफ्टला त्यावर खास सूचनापत्रक काढावं लागलं. लिनक्सनेही काळजी घेतली आहे. जादा अधिकारांनी चालणाऱ्या ‘सेटयूआयडी’ प्रोग्राम्ससाठी लोडर ‘एलडी लायब्ररी पाथ’कडे दुर्लक्ष करतो, नाहीतर कुणीही आपली लायब्ररी पुढे करून ते अधिकार मिळवले असते.

एक्सझेड प्रकरणात काय घडलं होतं?

फाइल खरी, पत्ता बरोबर, पॅकेज अधिकृत, आणि तरीही आतला कोड घातक, असंही होऊ शकतं. २९ मार्च २०२४ रोजी हे जगासमोर आलं.

पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर आणि मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दिसलं, की त्यांच्या लिनक्स मशीनवर एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायचा दरवाजा. मागोवा घेत ते एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘लिबएलझेडएमए’ लायब्ररीपर्यंत पोहोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा लपवलेला होता.

एसएसएचचा आणि फाइल दाबण्याचा संबंध काय? थेट काहीच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्समध्ये एसएसएच सर्व्हरला ‘लिबसिस्टिमडी’ जोडलेली होती आणि तिला ‘लिबएलझेडएमए’ लागत होती. एका लायब्ररीच्या मागे दुसरी, अशी लोडरने ती आपोआप आत घेतली.

दुसरी गोष्ट कंपाइल करण्याशी जोडलेली होती. घातक कोड सर्वांना दिसणाऱ्या सोर्समध्ये सरळ लिहिलेला नव्हता. तो चाचणीच्या फाइल्समध्ये दडवला होता. तो बाहेर काढून लायब्ररीत जोडणारी ओळ फक्त प्रसिद्ध केलेल्या सोर्स पॅकेजच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती. म्हणजे लायब्ररी बनवतानाच चोरदरवाजा आत बसायचा. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १०पैकी १० गुण मिळाले. सुदैवाने बहुतेक स्थिर आवृत्त्यांमध्ये ती पोहोचण्याआधीच पकडली गेली.

त्या दिवशी जगभरातल्या सिस्टिम अॅडमिनना एकच प्रश्न पडला होता: आपल्याकडे ही लायब्ररी आहे का, कोणत्या आवृत्तीची आहे आणि कोणते प्रोग्राम ती वापरतात? त्याचं उत्तर पॅकेज मॅनेजर आणि वर सांगितलेल्या साध्या कमांड्सनीच मिळत होतं.

एरर आला, तर क्रमाने काय तपासाल?

१. मेसेज कुणाचा आहे ते ओळखा. हेडर नाही म्हणत असेल तर कंपायलर, ‘कॅनॉट फाइंड’ किंवा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असेल तर लिंकर, प्रोग्राम चालवताना आला असेल तर लोडर.

२. कंपायलरचा असेल, तर ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हल’ पॅकेज इन्स्टॉल आहे का पाहा. असेल, तर ‘पीकेजी-कॉन्फिग’कडून पत्ता घ्या.

३. लिंकरचा असेल, तर लायब्ररीचं नाव कमांडमध्ये आहे का आणि शेवटी आहे का, हे पाहा. ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ तर झाली नाही ना, तेही तपासा.

४. लोडरचा असेल, तर स्वतः बनवलेल्या प्रोग्रामवर ‘एलडीडी’ चालवा, नावापुढचा आवृत्तीचा आकडा जुळतो का पाहा आणि गरज असल्यास ‘एलडीकॉन्फिग’ चालवा.

५. ‘एलडी लायब्ररी पाथ’ चाचणीपुरता वापरा. तो कायमचा सेट करून ठेवला, तर दुसरेच प्रोग्राम चुकीची लायब्ररी उचलू शकतात.

६. सुटी ‘.डीएलएल’ किंवा ‘.एसओ’ फाइल अनोळखी साइटवरून कधीही घेऊ नका. ती ज्या पॅकेजचा भाग आहे, ते पूर्ण पॅकेज अधिकृत ठिकाणाहून इन्स्टॉल करा.

‘सापडत नाही’ हा मेसेज त्रासदायक वाटतो, पण तो निदान गप्प बसत नाही. चुकीची फाइल सापडली, तर बहुतेक वेळा कोणताच मेसेज येत नाही आणि प्रोग्राम नेहमीसारखा सुरू होतो.